गळ्यातला ताईत

सायखेड्याच्या अरफानं नाशिकला इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला, तेव्हा तिच्या सासूनं, जैतुनबींनी, एकच अट घातली. "घरात आम्हाला कळंल असंच बोलायचं." क्लासच्या चैताली मॅडमची अट नेमकी उलटी होती. रोज घरात एक तरी इंग्रजी वाक्प्रचार, प्रसंग बघून, वापरायचाच.

पहिल्याच सकाळी दूध उतू गेलं. अरफानं संधी साधली. "डोन्ट क्राय ओव्हर स्पिल्ट मिल्क, अम्मी."

"म्हंजी?"

"सांडलेल्या दुधावर रडू नये."

"रडतंय कोण? फडकं आण."

हळूहळू तिची जीभ सैल झाली. एका दुपारी जैतुनबींनी आमटी तीनदा परत पाठवली. आधी अळणी म्हणून, मग खारट म्हणून, मग गार झाली म्हणून. अरफाच्या तोंडून निसटलं, "अम्मी, यू आर अ पेन इन द नेक." इतका चपखल वाक्प्रचार तिला आजवर सुचला नव्हता. जेवायला बसलेल्या नवऱ्याला, इमरानला, जोराचा ठसका लागला.

"काय म्हणली ही?" जैतुनबींनी लेकाला विचारलं.

इमराननं पाण्याच्या पेल्यात तोंड घातलं. अरफाला मानेवरून गळा आठवला आणि गळ्यावरून पुढचं सुचलं. "म्हणजे, तुम्ही आमच्या गळ्यातला ताईत आहात."

जैतुनबींनी गार आमटी मुकाट भुरकली आणि वर अजून थोडी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बांगड्यांच्या दुकानात हे इंग्रजी फुकट वाटलं जाऊ लागलं. "तुम्ही तर आमच्या पेन इन द नेक," असं ऐकलं की गिऱ्हाईक बाई खुलायची आणि दोन बांगड्या जास्तीच्या भरून जायची. अरफा आतल्या खोलीत जाऊन ओढणी तोंडात कोंबून हसायची.

मग शेजारच्या लंकाबाईंनी ते उचललं. त्यांचा इंजिनिअर जावई आपल्या साहेबांना घेऊन जेवायला आला होता. साहेबांदेखत त्यांनी त्याला मायेनं तसं म्हटलं. जावई भरल्या ताटावरून उठला.

लंकाबाई तणतणत दुकानात आल्या. "जावयाला मानेचं दुखणं म्हणायला लावलं तू मला."

जैतुनबींनी त्यांना बसवलं, चहा पाजला, हात जोडून माफी मागितली आणि वाटेला लावलं. मग त्या सुनेकडे वळल्या. आता क्लास बंद, असं अरफा धरूनच चालली होती.

"सोमवारी तुझी यष्टी कितीला?"

"नऊला. का, अम्मी?"

"मी बी येते. दुकान इमरान बघंल."

सोमवारी जैतुनबी क्लासात पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. मॅडमनी विचारलं, "काय शिकायचंय तुम्हाला?"

"लय काय नाय. लबाड सुनेला चारचौघांत काय म्हणावं, तेवढं सांगा."

मॅडमच्या डोळ्यांत हसू आलं. "तसं बरंच आहे. वेळ लागेल."

"लागू द्या," म्हणत जैतुनबींनी पिशवीतून चष्मा काढला. मागच्या बाकावर अरफानं ओढणी कपाळापर्यंत ओढली आणि इंग्रजीत शब्दांचा दुष्काळ पडू दे, अशी मनोमन दुआ मागितली.