आणखी एक केटलबेल

नवरा व्यायामाच्या सामानाच्या दुकानात केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा, निवडत होता आणि बायकोच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. घरी आधीचे तीन बैठकीच्या खोलीत नुसते लोळत होते, तरी स्वारीला आता सगळ्यांत जड हवा होता.

"ते हलके पडतात गं," नवरा म्हणाला.

"मग उचला की हा!"

त्याने एका हाताने जोर लावला. तोंड लालबुंद झालं, पण केटलबेल काही जमीन सोडेना. तिने पदर खोचला, तोच केटलबेल एका हाताने उचलला आणि त्याच्या पायाशी दाणकन आदळला.

"ताई, रोज व्यायाम करता वाटतं?" दुकानदाराने कौतुकाने विचारलं.

"व्यायाम कसला डोंबलाचा! ह्यांची वजनं उचलून बाजूला ठेवल्याशिवाय मला रोज केर काढता येत नाही."