अठरा टाके

"चेंडू पालथा ठेवलाय," आमचे मालक काचेला नाक लावून म्हणाले.

मी म्हटलं, आता झालं. तालमीचा जिना चढून मला दम लागलेला, गुडघे कुरकुरत होते, आणि ह्यांचं सुरू. वरच्या मजल्यावर फुटबॉलचं संग्रहालय उघडलं म्हणून अख्खी पेठ नटूनथटून आली होती. जुने बूट, ढाली, पिवळे पडलेले फोटो, कुणाच्या तरी पणजोबांची शिट्टी, सगळं काचेत नीट मांडलेलं. मी ह्यांना दारातच बजावलं होतं, बघा, चहा प्या आणि गप घरी चला. ती गोष्ट काढायची नाही.

ती गोष्ट म्हणजे चौऱ्याहत्तर सालची फायनल. माझं लग्न सत्त्याहत्तरचं, आणि लग्नाच्या आठव्या दिवसापासून मी ती ऐकत आले. हाफटाइमला चेंडूची शिवण उसवली. दुसरा चेंडू नव्हता. पंच मॅच रद्द करायला निघाले. माझे सासरे टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचे, आणि हे तेव्हा पंचविशीचे, त्यांच्या हाताखाली काम करणारे. चामडं शिवायची आरी, कापायची रापी, दोरा कायम पिशवीत. मैदानाच्या कडेला मांडी घालून ह्यांनी मेण लावलेल्या काळ्या दोऱ्यानं अठरा टाके घातले. वरची नाडीही तुटली होती, म्हणून पळत जाऊन टांग्याच्या घोड्याचा जुना लगाम आणला, त्याची चामड्याची वादी चिरली आणि नाडीच्या जागी ओवली. मग दुसऱ्या हाफमध्ये आमच्या संघाच्या बाळासोंनी त्या चेंडूला डोकं लावलं आणि आमची पेठ एक-शून्यनं जिंकली.

त्याच वेळी बाळासोंचं कपाळ फुटलं. पलीकडच्या पेठेच्या बॅकनं कोपर मारलं, असं त्यांनी सांगितलं, आणि पट्टी बांधलेला त्यांचा फोटो घराघरांत लागला. त्या फोटोवर ते दोनदा नगरसेवक झाले. आमचे मालक रिक्षांच्या सीटा शिवत राहिले. तो चेंडू मी शिवला होता, असं सांगायला लागले की रिक्षावाले म्हणायचे, लालाची टेप लागली. खरं सांगते, मलाही ती टेपच वाटायची. लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेत, गोष्ट घोड्यापर्यंत आली की मी तोडायचे. एकदा पोरांच्या देखत म्हटलं, किती फेकाल. त्यानंतर घरात त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

संग्रहालय दाखवायला तेजस्वी नावाची मुलगी होती. तालमीच्या मुलींच्या फुटबॉल संघाची कॅप्टन, बोलायला एकदम चटपटीत. मालक तिला म्हणाले, पोरी, नाडीची बाजू वर पाहिजे, एवढा चेंडू फिरव. ती अदबीनं म्हणाली की चेंडू बाळासोंनी दिलाय, ठेवलाही त्यांनीच, आणि किल्लीही त्यांच्याकडेच आहे.

बाळासो खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. डोक्याला फेटा, अंगावर शाल, समोर पाया पडणाऱ्यांची रांग. मालक तिकडे निघाले. मी बाही धरली, ती हातातून सुटली. मागून कुणीतरी म्हणालं, टेप लागली बघा. माणसं हसली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाळासो," मालक म्हणाले, "पन्नास वर्सं झाली. मी तुमास्नी एकदाबी काय मागितलं न्हाय. आज मागतोय. चेंडू उलटा करा."

हसणं थांबलं. बाळासो ह्यांच्याकडे बघेनात. भिंतीवरच्या आपल्याच फोटोकडे, त्या पट्टीकडे बघत बसले. मला वाटलं, आता दोन शब्द सुनावतील आणि खाली पाठवतील. पण त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली काढली. काठी टेकत आले, कुलूप स्वतः उघडलं. मग चेंडू फिरवायला तेजस्वीला सांगितलं.

तिनं तो फिरवला. नाडीच्या जागी काळी वादी होती. तिची जाडजूड गाठ वर आलेली, आणि न चिरलेल्या टोकाला बक्कलाचं भोक. सगळा चेंडू पांढऱ्या दोऱ्याचा, आणि वादीशेजारची एकच शिवण काळ्या दोऱ्याची. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तेजस्वी बोट ठेवून मोठ्यानं टाके मोजायला लागली. पंधरा, सोळा, सतरा. मीही मनात मोजत होते. अठरा. तिथं काळा दोरा संपला.

"कोपर कुणाचं लागलंच न्हवतं," बाळासो म्हणाले. कपाळावरच्या खुणेवर त्यांचा हात गेला होता. "ह्या गाठीनं फुटलंय ह्ये. रगात बघून पोरं कोपर म्हणाली, आनि मी व्हय म्हटलं. लाला, म्या खाल्लं तुझं नाव. ह्यो चेंडू तुझा हाय."

असं म्हणून त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि आमच्या मालकांच्या डोक्यावर ठेवला.

मग काय विचारता, पेठच ती. खाली हलगी कडाडली. मघाशी हसलेल्या पोरांनीच ह्यांना खांद्यावर उचललं. मी ओरडत होते, अरे खाली ठेवा, कंबर धरंल त्यांची, पण ऐकतो कोण. पलीकडच्या पेठेचे दोघे म्हातारे आले होते, ते बाळासोंसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या बॅकच्या घरी जाऊन हे सांगावं लागंल. बाळासोंनी मान हलवली, म्हणाले, उद्याच जातो.

गलका ओसरल्यावर तेजस्वीनं मोबाइल पुढे धरला. "आजोबा, समदं पयल्यापासनं सांगा. पाटी नवी लिवायची हाय."

आमच्या मालकांनी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. जन्मभर जी गोष्ट सांगायला धडपडले, ती ऐकायला आज सगळी पेठ गप्प उभी होती. फेटा कानावर घसरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गोष्ट सुरू करायच्या आधी माझ्याकडे बघायची त्यांना सवयच लागली होती, मी तोडते की काय म्हणून. तेवढ्यानं मला रडू फुटलं. माझी मलाच एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मी पदरानं तोंड पुसलं आणि पुढे झाले. म्हटलं, मी सांगते. आणि सांगितली. हाफटाइम, उसवलेली शिवण, पंच, मेणाचा दोरा, मांडी घालून घातलेले अठरा टाके, तुटलेली नाडी. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. लगामापर्यंत आले आणि अडले. त्याच्या पुढचं मी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं.

"अवो," मी विचारलं, "घोड्याचं नाव काय हुतं?"

"पाखऱ्या," ते म्हणाले.

"पाखऱ्या," मी तेजस्वीला सांगितलं. "लिव बाई, त्येबी लिव."