तीस जूनच्या आत

आल्विनने गाडीखाली वाकून तळाच्या लोखंडी पट्टीवर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला गंज गाड्या विकणाऱ्या डॅरलच्या नाकापुढे धरला.

"आणि म्हणे नव्यासारखी!"

"दोन वर्षांची आहे, आल्विन. आपल्या तुवूम्बा शहराच्या पावसात उभी होती. बरं, यासाठी आणखी दोन हजार सोडतो."

त्याची बायको बेरिल त्या मोटरहोमच्या, चाकांवरच्या घराच्या, पायरीवर बसून ऐकत होती. चार वर्षं आल्विनचं हेच चाललं होतं. नवी गाडी आवाराबाहेर पडली की पाचवा हिस्सा किंमत गेली, म्हणून नवी नको. जुनी घ्यायची ती जूनअखेर, इथलं आर्थिक वर्ष संपताना विक्रेते विक्रीचा आकडा गाठायला धडपडतात तेव्हा. जून आला की त्याला डिसेंबर बरा वाटे. देवाने हातीपायी धड ठेवलंय तोवर दोघांनी एकदा समुद्राकाठाने देश फिरून यावा, एवढंच तिचं मागणं.

"भाव पडायची वाट बघता बघता आपणच पडू," ती म्हणाली.

डॅरल हसला. "बॅटरीही नवी देतो. तीस तारखेच्या आत सही करा, तुम्ही म्हणाल तो आकडा."

आल्विनपाशी मागायला काही उरलं नाही.

"चला, एक फेरी मारून बघा. लायसन्स दाखवा, आणि डॉक्टरचा दाखला. पंचाहत्तरी झाली ना तुमची?"

आल्विनने पाकीट उघडलं. एकेक कप्पा सावकाश तपासला, मग पुन्हा पहिल्यापासून.

बेरिल बघत राहिली. मार्चमध्ये तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटाच गेला होता. "सगळं झकास" म्हणत परतला होता. तेव्हापासून चर्चच्या गायनाला तीच गाडी नेत होती. त्याचा गुडघा दुखतो म्हणून. मघाशी मात्र तो किती सहज वाकला होता.

"घरी राहिला वाटतं," आल्विन जमिनीकडे बघत म्हणाला.

बेरिल उठली. पर्समधून स्वतःचं लायसन्स काढून तिने डॅरलच्या हातावर ठेवलं.

"मला अजून दाखला लागत नाही."

"तुम्ही चालवणार? सात मीटर लांब आहे, बेरिल!"

"मग जरा लांबून वळवीन."

आल्विन उजव्या दाराशी क्षणभर थांबला. मग गाडीच्या नाकावर हात टेकवत, कडेकडेने डावीकडे जाऊन बसला. डॅरल मागच्या बाकावर चढला.

फाटकाशी बेरिलने गाडी थांबवली.

"डावीकडून काही येतंय का रे?" तिने सवयीने विचारलं.

आल्विन रस्त्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"तूच बघ," तो म्हणाला.