एक इंच कमी

"टेपचं टोक भिंतीला नाही, खोक्यांना लाव," अरुण म्हणाला.

मीनाक्षीने निमूटपणे टोक खोक्यांना टेकवलं. टेप सोडत अरुण गॅरेजच्या दारापर्यंत गेला, वाकला आणि चष्मा कपाळावर सरकवून त्याने आकडा वाचला. मग कागदावर वजाबाकी केली.

"ट्रक उभा केला की आठ इंच उरतात. आणि केयाला हवाय तो बंपर किती पुढे येतो? नऊ!"

एक इंच कमी पडल्याचं दुःख त्याच्या आवाजात औषधालाही नव्हतं.

केया त्यांची एकुलती एक मुलगी, गाईगुरांची डॉक्टर. ईडन प्रेरी या त्यांच्या गावाहून पश्चिमेला असलेल्या डेअरी फार्मांवर ती आपला पिकअप ट्रक घेऊन जायची. तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी हरीण आडवं आलं आणि पुढचा बंपर गेला. "किरकोळ आहे," तिने घरी फोनवर सांगितलं होतं. आता मात्र तिला कंपनीचा तो पातळ बंपर नको होता. जाड पोलादी हवा होता, वर रेडिएटरसमोर दांड्यांची चौकट असलेला.

अरुणला मुळात ती नोकरीच नको होती. गावातच कुत्र्यामांजरांच्या क्लिनिकमध्ये जागा निघाली होती. तिथल्या कॉरिडॉरमध्ये हरणं आडवी येत नाहीत, हे तो रोज जेवताना ऐकवायचा. पण केया हट्टाच्या बाबतीत शेरास सव्वाशेर. मग त्याने इंजिनिअरच्या चिकाटीने बंपरचा मुद्दा धरला. छोटा बंपर हरणाला पुरत नाही. मोठा गॅरेजात मावत नाही. ट्रक बाहेर ठेवावा, तर मिनेसोटाच्या थंडीत मागच्या पेटीतली औषधं गोठतात. म्हणजे नोकरी सोडण्यावाचून इलाज नाही, हे गणिताने सिद्ध.

"खोकी हलव की," मीनाक्षी म्हणाली.

"खोक्यांना हात लावायचा नाही. परत जाताना लागतील."

ही खोकी एकवीस वर्षं मागच्या भिंतीला टेकून छतापर्यंत उभी होती. पुण्याला परत जायचं ते दोन-तीन वर्षांत, म्हणून प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं थर्मोकोलसकट जपलेलं. टीव्ही कधीच भंगारात गेला होता, त्याचं खोकं होतं. मायक्रोवेव्हचं होतं. तो तिकडच्या विजेवर चालणार नाही, हे मीनाक्षीने दहा वर्षांपूर्वीच सांगून पाहिलं होतं. केयाच्या पहिल्या सायकलचंही होतं. गॅरेज रंगवलं तेव्हासुद्धा अरुणने खोकी हलवू दिली नव्हती, रंगाऱ्याला त्यांच्या कडेकडेने रंग लावायला लावला होता.

दुपारी बापलेक बंपर बसवणाऱ्या दुकानात गेले. ट्रक तिथेच, पुढून बोडका उभा होता. दुकानदार दाढीवाला, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने दोन्ही बंपर शेजारी शेजारी ठेवून दाखवले. छोटा सुटसुटीत होता. मोठ्याची चौकट अरुणच्या छातीपर्यंत येत होती.

"एक इंच कमी पडतो," अरुणने कागद पुढे केला. "बघ, मी मोजलंय."

"बाबा, यू मेझर्ड इट टू विन," केया म्हणाली.

अरुणने ते ऐकलं नसल्यासारखं केलं आणि एअरबॅगच्या सेन्सरबद्दल विचारलं. मोठ्या बंपरलाही ते चालतात, दुकानदार म्हणाला. मग काहीतरी आठवल्यासारखा तो मागे गेला आणि काढलेला जुना बंपर ओढत घेऊन आला. तो मधोमध आत दुमडला होता. दुमडीत तपकिरी केसांचा झुबका अडकून वाळला होता. रेडिएटर पार इंजिनला जाऊन टेकला होता, तुमची मुलगी नशिबाची, असं दुकानदार साधेपणाने म्हणाला.

अरुणने वाकून ती दुमड हाताने चाचपली. त्याने केयाकडे पाहिलं. ती बुटाकडे बघत होती.

"किरकोळ?" एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. फार्मवर गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता.

"डोन्ट पुल," केया शांतपणे म्हणत होती. "लिसन टू मी. लेट हर स्टँड. आय ॲम कमिंग." पलीकडच्या माणसाचा घाबरलेला आवाज अरुणलाही ऐकू येत होता, आणि तिच्या प्रत्येक शब्दासरशी तो खाली येत होता. पोटच्या पोरीचा हा आवाज त्याने आजवर ऐकलाच नव्हता.

"बाबा, तुझी कार नेते. आईला बोलाव तुला न्यायला." ती दारापर्यंत जाऊन थांबली. "आणि छोटाच लावायला सांग. औषधं गोठून नाही चालणार. मी हळू चालवीन, प्रॉमिस."

बाहेर कार सुरू झाली. ती कुठलाही बंपर असला तरी जाणार होती, नसला तरी जाणार होती. एवढी साधी गोष्ट त्याच्या गणितात कुठेच धरलेली नव्हती.

"सो, द स्मॉल वन?" दुकानदाराने विचारलं.

मीनाक्षी येऊन अरुणला घेऊन गेली. घरी आल्यावर चहाही न घेता तो गॅरेजमध्ये गेला. बऱ्याच वेळाने थर्मोकोल मोडल्याचा आवाज आला म्हणून ती बघायला गेली. टीव्हीचं खोकं उभं चिरून सपाट केलेलं होतं, मायक्रोवेव्हचंही. अरुण सायकलच्या खोक्याची चिकटपट्टी कापत होता. मागची भिंत उघडी पडली होती. तिच्यावर अजून आधीच्या मालकाचा पिवळा रंग होता.

"रिसायकलिंगची गाडी कधी येते?" त्याने विचारलं.

"बुधवारी."

"ट्रक गुरुवारी मिळतोय. जमेल."

मीनाक्षीने त्या पिवळ्या भिंतीवरून हात फिरवला.

"आणि आपण परत जाताना?"

अरुणने सायकलचं खोकं घडी करून बाकीच्यांवर ठेवलं, गुडघ्याने दाबलं आणि खिशातून टेप काढून तिच्यापुढे धरली.

"टोक भिंतीला लाव," तो म्हणाला.