अर्ध्या उन्हातला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. रुग्णालयाच्या मागच्या अंगणात माझे बस्तान आहे. पण मी जन्माचा बाक नव्हे. शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार मोडीत निघाले, तेव्हा सुतारकाकांना ते फेकून देववेना. त्यांनी त्यावर रंधा फिरवला आणि माझा बाक केला. मग गवंड्याने माझे पाय सिमेंटात पक्के रोवले, तेही असे की माझे एक टोक उन्हात आणि दुसरे छपराखाली.

सकाळची गडबड ओसरली की मोठ्या सिस्टर रोग्यांना घेऊन येत. चणीने त्या लहानच, पण त्यांच्या शब्दाबाहेर जायची कुणाची टाप नव्हती. “पाठ उन्हाकडे करा. बाही वर घ्या. हाडांना ऊन लागतं,” असे बजावून त्या स्वतः सावलीच्या टोकाला टेकत. इथला रिवाजच तसा होता. ऊन रोग्यांचे, सावली कामकऱ्यांची.

काय ऐट होती तेव्हा माझी! कुबडी घेऊन आलेली माणसे माझा निरोप घेऊन चालत घरी जात. सिस्टर मात्र झिजत चालल्या होत्या. पूर्वी गुणगुणत यायच्या, आता गुडघ्यांवर हात रोवून “आई गं” म्हणत उठायच्या. पाय मोडलेले एक आजोबा एकदा म्हणाले, “अहो बाई, या की इकडे उन्हात. जागा आहे.”

“मी काय पेशंट आहे का?” सिस्टर हसल्या. मलाही तेव्हा गंमत वाटली होती. आता ते हसू आठवले की जीव कासावीस होतो.

त्यांची मुलगी तळघरातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिने एकदा आईचे रक्त जवळजवळ जबरदस्तीनेच घेतले आणि दुसऱ्या दिवशी तणतणत अंगणात आली.

“आई, तुझं व्हिटॅमिन डी पार तळाला गेलंय. अख्ख्या गावाला ऊन दाखवतेस आणि स्वतः? घरी आलीस की आडवी होतेस. आपण शेवटचं फिरायला कधी गेलो, सांग बरं?”

“मला वाटलं, वयामुळे असेल गं,” सिस्टर पुटपुटल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

डॉक्टरांनी औषध दिले आणि रोज थोडे ऊन घ्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सिस्टर खरोखरच उन्हाच्या टोकाला बसल्या. त्यांनी बाही वर केली, डोळे मिटले. तेवढ्यात एका आजींची चाकाची खुर्ची आली आणि सिस्टर चटकन उठल्या. मग रोजच कुणी ना कुणी येत राहिले. औषधही कामाच्या धांदलीत राहून जायचे. शेवटी माझ्यासमोरच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. पडणे साधेच होते, पण खुब्याचे हाड मोडले. मी हाताच्या अंतरावर होतो, मित्रांनो. माझे पाय सिमेंटात होते.

आता माझा रंग उडाला आहे. माझ्याकडे यायला कुणाला सवड नसते. परवा मात्र चाकाची एक खुर्ची आली. खुर्चीत सिस्टर होत्या आणि मागे मुलगी. तिने आईला माझ्या उन्हाच्या टोकाशी आणून आधाराने माझ्यावर बसवले. “पाठ उन्हाकडे कर,” म्हणाली आणि स्वतः सावलीत टेकली. तळघरातल्या नळीदिव्यांखाली काम करून तिचा चेहरा फिकुटला होता.

“इकडे ये बाळा, उन्हात.”

“मी काय पेशंट आहे का?”

“मीही नव्हते गं,” आई म्हणाली.

मुलगी उठतच होती, तोच तळघरातून हाक आली. “आलेच हं,” म्हणत ती निघून गेली. सिस्टर कितीतरी वेळ शेजारच्या उन्हावर तळहात ठेवून जागा धरून बसल्या.

मित्रांनो, तुमची शुश्रूषा करणारी ताई अशी सावलीत बसलेली दिसली, तर जरा सरका आणि तिला उन्हात बोलवा. ती हसून नको म्हणेल. तरी पुन्हा बोलवा. आजोबांनी एकदाच बोलावले होते.