आक्कांचा खोकला

“मासे शेवटी लाव. आधी लावलेस तर बटाट्यांना वास येईल, मग वहिनी म्हणेल, ह्यात सगळंच एका चवीचं होतं,” आक्का म्हणाल्या आणि बटाट्याचे काप फडक्यात घेऊन हलक्या हाताने टिपू लागल्या.

नुकतं उजाडत होतं. माझा नवरा आणि आमची छोटी ठकी आत झोपले होते. ओट्यावर एअर फ्रायरशेजारी झाकलेल्या ताटल्यांची रांग लागली होती. एकसारखे तोडलेले फ्लॉवरचे तुरे, गाजराच्या फोडी, कोंबडीचे तुकडे, तेलाचं बोट चोळून ठेवलेले मासे. सगळं आक्कांनी उठून एकटीने केलं होतं, आणि आपण केलं हे कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. सासूबाई गेल्या तेव्हा त्या शाळेत होत्या आणि पाठचे दोघे भाऊ लहान. तेव्हा जी पळी हातात आली ती सुटलीच नाही. भावांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, आक्कांचं राहून गेलं. मग ज्या भावाच्या घरी अडेल त्या घरी त्या. मोठ्याची मुलं लहान होती तोवर तिकडे, ठकी झाल्यापासून आमच्याकडे. “मला कुणी पाठवत नाही, बोलावतात,” असं त्या सांगत, आणि सांगताना मान जरा ताठ होत असे.

आता मोठ्या जाऊबाईंचा गुडघा गेला होता. भाऊजींचा फोन आला, “रविवारी जेवायला येतो, जाताना आक्काला घेऊन जातो.” त्या दिवशी आक्का ठकीच्या दुपट्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होत्या.

“पोरगी पावलं टाकेपर्यंत तरी राहिले असते गं,” त्या म्हणाल्या. “पण नाही कसं म्हणू? अडलंय त्यांचं.”

तोड माझ्या नवऱ्याने काढली. “वहिनीला माणूस नकोय, स्वयंपाक हवाय. आपला एअर फ्रायर दाखवू तिला. घातलं, बटण दाबलं, झालं. आक्काची गरजच उरणार नाही.”

“म्हणजे माझ्याऐवजी ह्याला पाठवायचं!” आक्का हसल्या. “बरंय की. हा उलट बोलायचा नाही.”

एअर फ्रायर मी आणला होता तो भीतीपोटी. ठकी रांगायला लागली आणि एकदा कढईतला तेलाचा शिंतोडा तिच्या बोटांपासून वीतभरावर पडला. त्यानंतर कढई मी माळ्यावर टाकली. आक्कांनी आधी नाक मुरडलं. “हवेवर तळायचं? हवेवर जगलेली माणसं मी तरी पाहिली नाहीत बाई.” पहिल्याच दिवशी पावाचा तुकडा आतल्या वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या तारेला चिकटला आणि घरभर धूर झाला. मासा तर जाळीला असा बसला की खरवडून काढावा लागला. मी ते धूड पुन्हा खोक्यात घालायला निघाले तेव्हा आक्कांनीच अडवलं. “थांब जरा. नवीन सुनेलासुद्धा आपण इतक्यात माहेरी धाडत नाही.”

मग त्या स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसू लागल्या. बटाटे आधी पाण्यात ठेवून खडखडीत कोरडे करायचे. तेल जाळीला लावायचं नाही, माशाला लावायचं. पावावर छोटी जाळी दाबून ठेवायची. “ह्याला गर्दी सोसत नाही,” म्हणून थोडंथोडंच घालायचं. मध्येच खण ओढून आतलं कधी हलवायचं, हे तर त्या नुसत्या आवाजावरून ओळखत. मी कान देऊन बसायचे, मला पंख्याची घरघर सोडून काही ऐकू यायचं नाही.

म्हणून खोकला ठरला.

“मी बाहेर ठकीला घेऊन बसते,” आक्का म्हणाल्या. “मी हात लावलेला दिसला की वहिनी म्हणेल, सगळं आक्काच तर करतेय. मी एकदा खोकले की खण ओढून हलव. दोनदा खोकले की काढून घे.”

“आणि खरंच खोकला आला तर?”

“मग जळू दे मेलं,” म्हणून त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. “पण हे आपल्या दोघींतच हं. धाकट्याला सांगू नकोस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

जाऊबाई काठी टेकत आल्या आणि थेट स्वयंपाकघरात येऊन, पाय स्टुलावर ठेवून बसल्या. “दाखव बाई तुझं यंत्र. माझ्याच्याने उभं राहून काही होत नाही आता.”

मी बटाटे घातले, बटण दाबलं. बाहेर आक्का ठकीशी बोबडं बोलत होत्या. मग खोकल्या. मी खण ओढला, हलवला. दोनदा खोकल्या, मी काप ताटात ओतले. फ्लॉवर घातला. गाजरं घातली. कोंबडीच्या वेळी आक्का जरा लवकर खोकल्या असं मला वाटलं, पण खण ओढून पाहिलं तर तुकडे नेमके कडेने रंग धरत होते.

“आक्का, खोकला कधीपासून हो?” जाऊबाईंनी आतूनच विचारलं.

“हवा बदललीय ना,” बाहेरून उत्तर आलं.

जाऊबाईंनी बटाट्याचा काप दाताखाली धरला. कुरकुर आवाज झाला. “तेल नाहीच म्हणतेस?”

“नावाला. वहिनी, काही करावं लागत नाही. घालायचं आणि बसायचं. ह्याला माणूस लागतच नाही,” मी दुकानातल्या विक्रेत्यासारखी बोलले. नवरा दारात उभा राहून सगळं पाहत होता. मी त्याच्याकडे बघून हसले.

मासे निघाले ते सोनेरी, एकही न मोडलेले. सगळे जेवायला बसलो. ठकी पेंगुळली होती, तिला निजवून आक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या.

“ठरलं,” जाऊबाई म्हणाल्या. “आजच घरी जाताना असंच एक विकत घेते. आक्का, सुटलात तुम्ही! तुमच्या हाताला आराम.”

आक्कांनी मान खाली घातली, पण टेबलाखाली त्यांनी माझा हात दाबला. जिंकलो होतो आम्ही. घास गोड लागला. एकच घास.

“पण मग तुझं तरी काय अडलंय गं?” जाऊबाई हसत मला म्हणाल्या. “तुझ्याकडे तर आधीपासून आहे.”

“खरंच की,” भाऊजी म्हणाले. त्यांनी आक्कांकडे पाहिलं, आणि ते पाहणं मायेचंच होतं. “आक्का, किती खोकतेयस मघापासून. वय झालं तुझं. आईबाबांची खोली आता रिकामीच आहे, भाडेकरू गेला. तिकडे मोकळी हवा आहे. जन्मभर आमच्यासाठी राबलीस, आता जरा स्वतःपुरती जग.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माशाचा काटा ताटाच्या कडेला लावत होता, फार काळजीपूर्वक.

“दादा म्हणतो ते बरोबर आहे,” तो म्हणाला. “मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. हिने एकटीने सगळं केलं, बसल्या जागी.” त्याच्या आवाजात खोट नव्हती. तो उठला तेव्हा ताटल्या झाकून झाल्या होत्या. स्वतः काढलेल्या युक्तीला तो स्वतःच भुलला होता. “आणि आक्काची खोली ठकीला होईल पुढे,” हे मात्र त्याने इतक्या पटकन म्हटलं, की आज सुचलेलं नसावं.

“ठकीला कोण बघणार?” मी विचारलं.

“पाळणाघरं कशाला असतात?” ज्यांची दोन्ही मुलं आक्कांच्या मांडीवर वाढली, त्या जाऊबाई म्हणाल्या.

“आक्का राहू देत इथेच.”

“अगं, तूच म्हणालीस ना आत्ता, माणूस लागत नाही म्हणून?” नवरा म्हणाला. “सगळ्यांसमोर म्हणालीस.”

“ते मी... आणि तो खोकला काही...”

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. पुढे बोलले असते तर सगळंच बाहेर आलं असतं. आक्कांनी अडलेल्या भावजयीकडे जायला नको म्हणून सोंग केलं, हे भावांना कळलं असतं. जन्मात कुणाला ‘नाही’ न म्हटलेल्या बाईचं पहिलं ‘नाही’, आणि तेही चोरून म्हटलेलं.

“आहे जरा खोकला,” आक्का शांतपणे म्हणाल्या. “छाती भरल्यासारखी वाटते.” आणि त्या खोकल्या. यंत्र कधीच बंद झालं होतं.

“बघा!” भाऊजी म्हणाले. “मी म्हणत नव्हतो? पुढच्या रविवारी सोडतो तुला. डॉक्टरही आहेत तिथे जवळच.”

“बरं,” आक्का म्हणाल्या. “वहिनी, मासा घ्या ना अजून. तुम्ही काहीच घेतलं नाहीत.”

पाहुणे गेले. नवरा त्यांना सोडायला खाली उतरला. ठकी उठून रडू लागली तशी मी तिला घेऊन आले आणि वाटीत गाजर कुस्करलं. आक्का सवयीने पुढे झाल्या, हात पसरले, आणि तसेच मागे घेतले.

“तू भरव,” म्हणाल्या.

मी चमचा पुढे केला. ठकीने तोंड घट्ट मिटलं आणि आक्कांकडे मान वळवली. मी पुन्हा चमचा नेला. पुन्हा मान वळली. तिने दोन्ही हात त्यांच्याकडे केले.

आक्का उठल्या. टेबलावरची खरकटी ताटं एकात एक घातली आणि ती घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या, ठकीला दिसणार नाहीत अशा. पाणी सोडल्याचा आवाज आला नाही. ठकीने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, कुरकुरली. मग दुसरं कुणीच नाही म्हटल्यावर तिने तोंड उघडलं.

“गिळलं का गं?” दाराआडून हळूच आवाज आला.

“गिळलं,” मी म्हणाले.