वळचणीचा कप

उल्हास साळवे नगरचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. राहुरीला शेतकी शिकून तो त्र्याऐंशी साली ऑरेगनला रासबेरीच्या रोगांवर संशोधन करायला आला आणि पहिल्याच उन्हाळ्यात रशियन माणसांत जाऊन पडला. कधीकाळी धर्मापायी देश सोडलेले हे लोक चीन, ब्राझील करत इथे पोचले होते आणि बेरीची शेती करत होते. लांब दाढ्या, कमरेला विणलेले पट्टे, पहाटेपासून प्रार्थना. जुन्या वळणाचे ख्रिस्ती. उल्हासला वाटलं, घरचीच माणसं भेटली.

रोगट पानं गोळा करता करता फ्योदोरशी त्याचं मेतकूट जमलं. फ्योदोर त्याला 'ब्रात' म्हणायचा, म्हणजे भाऊ. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सलत होती. उल्हास आला की फ्योदोरची बायको अनिस्या बाहेर वळचणीला खिळ्यावर टांगलेला इनॅमलचा कप काढायची आणि त्यात वरून चहा ओतायची. त्याने तो पायरीवर बसून प्यायचा. मग कप परत खिळ्यावर. घराच्या आत त्याला कुणी कधी बोलावलं नाही.

उल्हासचे आजोबा गावच्या हॉटेलात असाच वळचणीतला कप स्वतः काढून, स्वतः विसळून चहा प्यायचे. त्या कपाला विटूनच ते मिशनच्या दारात गेले. आणि नातू सातासमुद्रापार येऊन पुन्हा त्याच कपापाशी! याला काय म्हणायचं?

बेरी संपली, पावसाची झड लागली, मळ्यात दिवसाही धुकं बसायला लागलं. एक दिवस त्याने विचारलंच. "फ्योदोर, स्ट्रेट सांग. मी अनटचेबल आहे का?"

"तू एकटा नाही रे. बाहेरचे सगळेच. गव्हर्नर आला तरी हाच कप," फ्योदोर म्हणाला. "आमचं जेवण म्हणजे प्रार्थनाच. तुझ्या कपातून प्यायलो तर मला घरच्या टेबलावर बसता येणार नाही, प्रार्थनेला उभं राहता येणार नाही."

उल्हासला हे पटलं नाही. कारणं गावाकडेही होतीच. कारणांना काय तोटा?

जानेवारीत, जुन्या पंचांगाप्रमाणे, त्यांचा नाताळ आला. उल्हासने खोलीवर राबून, बोटं भाजून घेत करंज्या तळल्या. डबा पायरीवर तसाच राहिला. आत कुणी नेला नाही. घरात फ्योदोरचे वडील प्रार्थना म्हणत होते. उल्हासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने आपला कप फ्योदोरपुढे धरला.

"भाऊ म्हणतोस ना? मग पी यातून. नाहीतर भाऊ म्हणू नकोस."

फ्योदोरने खिडकीकडे पाहिलं. मग क्रुसाची खूण केली आणि कप तळापर्यंत रिकामा केला. उल्हासला आजोबांची तहान भागल्यासारखं झालं. त्याने दोस्ताला कडकडून मिठी मारली. घरातली प्रार्थना मात्र थांबली होती. तो निघेपर्यंत ती पुन्हा सुरू झाली नाही.

मग परीक्षा आल्या, प्रयोगशाळेचं काम साचलं. तो परत गेला तो थेट त्यांच्या ईस्टरला. रासबेरीला नवी पालवी होती, आत गाणी चालली होती. फ्योदोर एकटाच पायरीवर बसला होता. वळचणीला आता दोन खिळे होते आणि दोन कप.

"ये, ब्रात," फ्योदोर हसून म्हणाला. गालफडं बसली होती. "आता दोघं बरोबरच पिऊ."

"तू झोपतोस कुठे?" उल्हासने शेजारी बसत विचारलं.

"ट्रॅक्टरच्या शेडमध्ये."

"आणि परत आत? कधी घेणार?"

"तुझ्याशी संबंध तोडला की. वडील तेच म्हणतात. मी नाही म्हटलं."

दार उघडलं. अनिस्याने लाल रंगवलेली दोन अंडी पायरीच्या कडेला ठेवली, नवऱ्याच्या हाताला हात लागणार नाही अशी. मग तिने उल्हासकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती वाट पाहत होती.

उल्हासला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांना वळचणीला बसवणारं एक अख्खं गाव होतं. याला त्याने एकट्याने बसवलं होतं.

उल्हास उठला. खिळ्यावरचा आपला कप काढून त्याने कोटाच्या खिशात घातला.

"चहा?" फ्योदोरने विचारलं.

"नको. मी परत येणार नाही. तू आत जा."

तो मागे न पाहता चिखल तुडवत गाडीशी आला आणि मागे घराचं दार उघडल्याचा आवाज ऐकायला उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. आतली गाणी ऐकू येत होती. दार उघडलं नाही.